खपलीखालचं सोयाबीन

प्रिय बाबा,

जय भीम. तुम्हाला जाऊन पाच महिने झाले. रडू येईल म्हणून आजवर लिहिलं नाही. आज राग आलाय, म्हणून लिहितेय.

तुम्ही गेल्यावर आपला अरब शेतमालक, अर्बाब, मला म्हणाला, "एक सीझन तू कर. नहीं हुआ तो मैं घास लगाएगा, खलास." मी माबेलातल्या घरून रोज शेतावर जायला लागले. सगळं तुमच्यासारखंच केलं. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण पाहिली. मुठीत माती दाबून वाफसा पाहिला. पंपाच्या खोलीत भिंतीवर तुम्ही खडूने गेल्या वर्षीच्या पेरणीची तारीख लिहिली होती. त्याच तारखेला मका आणि सोयाबीन, दोन्ही एका दिवसात पेरलं.

तिसऱ्या दिवशी जोराचा पाऊस. मग दोन दिवस गरम वारा. मातीवर कडक खपली धरली. मक्याने टोकदार कोंब काढून ती फोडली. सोयाबीन वर आलंच नाही. आज सकाळी बोटाने खपली उचलली, तर खाली कोंबांच्या माना मोडलेल्या. ओळीच्या ओळी.

तुमच्याबरोबर इतकी वर्षं पंप सांभाळणारे मोहनकाका बघत होते. "अगो, सगळं एकाच दिवशी पेरलंस? तुझे बाबा तीनदा पेरायचे, आठ-आठ दिवसांनी. इथल्या हवेचा काय भरवसा? भिंतीवर नुसती पहिली तारीख लिहायचे."

"मला का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, घरी शिकवलं असेल. पहिल्या वर्षी त्यांचंही असंच गेलं होतं. तीन दिवस जेवला नाय माणूस."

बाबा, तेव्हा मी सहा वर्षांची होते. शाळा लांब, म्हणून तुम्हीच मला घरी शिकवत होतात. मक्याचे दाणे मोजताना एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. "शेतात चूक चालत नाही," म्हणायचात. मी अजून दाराचं कुलूप तीनदा ओढून बघते. आणि तेव्हा तुमचं स्वतःचं अख्खं सोयाबीन मातीखाली मेलं होतं? आम्हाला म्हणालात, पोट बिघडलंय.

छातीत दुखत होतं तेव्हाही 'ॲसिडिटी आहे' म्हणालात. तेही मी खरं मानलं. का मानू नये? तुमचं कधी काही चुकलेलं मी पाहिलंच नव्हतं.

दुपारी अर्बाबकडे जाऊन सांगितलं, चूक माझी आहे. तो म्हणाला, "तुम्हारा बाबा भी पहला साल ऐसे ही आके बोला था. यल्ला, चलो, फिर से डालो."

म्हणजे त्याला सांगितलंत. मला नाही.

सोयाबीनचं थोडं बियाणं उरलंय. त्याचे दोन भाग केलेत. एक उद्या पेरते, दुसरा आठ दिवसांनी. उगवेल की नाही, माहीत नाही. पण तुमच्या तारखेखाली मी रंगाने लिहिणार आहे: 'सगळं एकदम पेरलं. सोयाबीन गेलं.' खाली माझं नाव. पुढे जो कोणी इथे पेरेल, त्याला ते वाचता येईल. तुमची तारीख पुसणार नाही, एवढा शब्द देते.

अजून रागावलेली,
तुमची प्रज्ञा