‘थंग’चा अर्थ

प्रिय लानछ्याव,

पोरी, गहू वीतभर वर आलाय आणि त्यावर काल पहिला बर्फ पडला. कोंबडा विकून टाकला. एकटीला उठवायला तो कशाला हवा, मी जागीच असते. शेजारची काकू तेवढी येते, सूर्यफुलाच्या बिया फोडून टरफलं माझ्याच जमिनीवर टाकते आणि वर विचारते, “काय गं, सून येणार का नव्या वर्षाला?” मी म्हणते, “तू आधी झाडू घे.”

गुडघा फार दुखला म्हणून डॉक्टरकडे गेले. त्यानं विचारलं, “आजी, कुठं थंग?” आणि मला हसूच फुटलं. तू नवी नवरी असतानाचा तो दिवस आठवला. तू लांब दक्षिणेतल्या डोंगरातली, आमची बोली तुला कळायची नाही. मी दिवसभर “गुडघा थंग, पाठ थंग” म्हणून कण्हायचे, तेवढा शब्द तू उचललास. आणि मी पाहुण्यांसमोर बोलले, “हिला मी पोटच्या पोरीसारखं थंग करीन!” तुला त्यातला ‘थंग’ तेवढा कळला, स्वयंपाकघरात जाऊन रडायला लागलीस. माझ्या शौमिनला, तुझ्या नवऱ्याला, विचारलंस, “माझ्यामुळं आईंना कुठं दुखतंय?” तो मेला पोट धरून हसला. मग पोळपाटावरच्या पिठात बोटानं ‘थंग’चं अक्षर काढून दाखवलं त्यानं, वर छपरासारखी आजारपणाची खूण आणि आत हिवाळ्याची. म्हणाला, “दुखलं तरी हेच, जीव लावला तरी हेच. आमच्या आईला दोन शब्दांचा खर्च परवडत नाही!”

दगडखाणीनं त्याचा जीव घेतला, तेव्हा सगळे म्हणाले, तरणी पोर आहे, आज ना उद्या दुसरं घर करून जाईल. तू गेली नाहीस. माझे पाय गरम पाण्यानं शेकत राहिलीस. कारखान्यात गेलीस तीही मीच ढकललं म्हणून. फोनवर “सगळं बरं आहे, आई” म्हणतेस. मागं शिलाई मशीन ऐकू येतं. मीही “इथंही बरं आहे” म्हणते. घरात दोन वाट्या आहेत, एकच विसळावी लागते.

मागल्या आठवड्यात तुमच्या कारखान्यात कापड बेतणारा वू देछुआन इथं आला. टोपी मांडीवर ठेवून बसला. मग म्हणाला, “तिनं नाही पाठवलं मला. ती म्हणते, आई एकट्या पडतील, त्यांच्यापाशी लग्नाचा विषय काढायचा नाही. म्हणून मीच आलो.” मी विचारलं, “माझ्या लेकीला थंग करशील?” कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, “करतोच आहे.”

मी माझा होकार दिलाय, लानछ्याव. तुझा तू दे. माझ्यासाठी अडून बसू नकोस. तुझे आईवडील नाहीत, तेव्हा नवरी माझ्या दारातून निघेल. लग्नाच्या लाल रजया भरायला घेतल्यात. आणि लग्नानंतर तिसऱ्या दिवशी लेक जावयाला घेऊन माहेरी येते, ती रीत मोडायची नाही. माहेर हेच.

तुझीच,
आई