स्वागत, आणि खाली एक्केचाळीस सूचना

१६ मे, मंगळवार. सकाळ.
…आणि त्या सकाळीही मी अंगण झाडत होते. नीरफणसाची पानं हिरांच्या खराट्याला दाद देत नाहीत, एकेक वाकून उचलावं लागतं. डुकरांना खाणं घालून झालं होतं, चुलीवर कोको उकळत होता. पेनियामिना नारळ खवून मोकळा झाला होता आणि रस्त्याकडची मोठी फळी रंगवत बसला होता. निळ्या रंगात 'स्वागत' एवढं झालं. म्हणाला, बाकीचं कोको पिऊन रंगवतो. मी कोको घेऊन आले तेव्हा खांबाला टेकून बसला होता. ब्रश हातात होता. रंग अजून ओला होता.

काल त्याला जाऊन सहा महिने झाले. हे पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं होतं. असो. मुद्दा वेगळा आहे.

काल थोरले दीर, इओआने भाऊजी, येऊन गेले. ते कुळाचे प्रमुख, जमीन कुळाची, मी बाहेरून आलेली सून. म्हणाले, "सिनिवा, माझ्या मनात वाईट नाही. पण किनाऱ्यावरच्या तुझ्या पाहुण्यांसाठीच्या तीन झोपड्या रिकाम्या, आणि पुतण्याला लग्नाआधी घर हवंय. ऑक्टोबरात मुलांच्या पांढऱ्या रविवारी सगळे जमतील, तेव्हा ठरवू. तोवर एक पाहुणा एक रात्र जरी राहिला, तर तू इथेच. नाहीतर सावाई बेटावर, तुझ्या भावाकडे."

एक पाहुणा. एक रात्र. पाच महिने. मला हसूच आलं.

पेनियामिनाचं थडगं दारासमोर आहे. पायरी उतरलं की चार पावलं. सावाईहून बोट लागते.

१७ मे, बुधवार.
पाहुणे का येत नाहीत ते शोधून काढलं. त्यांना इथलं काही माहीत नसतं, म्हणून ते बिचकतात. पेनियामिना एकेकाला बसवून तोंडी सांगायचा. माझं बोलण्याचं इंग्रजी अडखळतं, पण लिहिण्याचं पक्कं आहे. पाद्रीबाईंनी टाकून दिलेल्या मासिकांवर शिकलेय, चाळीस वर्षं झाली. तेव्हा लेखी सूचना. आजच नऊ झाल्या.

क्रमांक ३: संध्याकाळी शंख वाजला की प्रार्थना. असाल तिथे खाली बसावे. चालू नये, गाडी हाकू नये.
क्रमांक ४: रविवारी पोहू नये, सामान वाहू नये, गावात येऊ नये व गावातून जाऊ नये.
क्रमांक ५: प्रवचन चालू असता कोणीही उठू नये.
क्रमांक ९: नारळाच्या झाडाखाली झोपू नये. (यात धर्म नाही, नारळ आहे.)

३० मे, मंगळवार.
चौदा झाल्या. नणंदेला वाचून दाखवल्या. सालोमे वन्सं शेवटपर्यंत पंखा हलवत बसल्या, मग म्हणाल्या, "अगं, हे पाहुण्यांसाठी की कैद्यांसाठी?"
वन्संना वाचनाची सवय नाही. त्यांच्याकडून दुसरी अपेक्षाही नव्हती.

१० जून, शनिवार.
पाहुणे आले! दोन जर्मन पोरी, पाठीवर बोचकी. मी कोको करायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर ओले टॉवेल पेनियामिनाच्या थडग्यावर वाळत घातलेले, आणि बाजूला बसून दोघी बिस्किटं खातायत.

आता खरं सांगायचं तर मीही तिथेच बसते. तिथेच शेंगा सोलते. पण मी त्याची बायको आहे.

पाहुण्यांना बोलू नये. आत जाऊन सूचना १७ लिहिली: थडग्यावर बसू नये, खाऊ नये, काही वाळत घालू नये. फार कडक वाटली म्हणून १८ लिहिली: एखादे फूल ठेवल्यास हरकत नाही. मग अठराच्या अठरा नेऊन त्यांच्या हातात दिल्या.

दोघींनी फार लक्ष देऊन वाचल्या. टॉवेल उचलले. चारदा माफी मागितली. दुपारच्या बसने गेल्या. बसमधून वळणापर्यंत हात हलवत होत्या, म्हणजे सूचना आवडल्या.

४ जुलै, मंगळवार.
ऑकलंडहून लेकीचा, मेलेचा, फोन. म्हणाली, "आई, लोक आता फोनवर जागा बघतात. फोटो टाकू या. आणि ते नियम आवर."
मी म्हटलं, फोटोत काय दिसणार, समुद्र. समुद्र या बेटावर सगळ्यांच्याच दारात आहे. सूचना फक्त माझ्याकडे आहेत.
मग, "तू इकडेच ये ना. गरम कपडे घेऊन देते."
म्हटलं, बाबांचं थडगं विमानात घेत नाहीत.
लेक रडायला लागली. मी हवापाण्याचं विचारलं.
सूचना २६ पर्यंत.

२ ऑगस्ट, बुधवार.
आजचा दिवस हातचा गेला, पण दोष सूचनांचा नाही.

शंख वाजला, आम्ही वन्संच्या घरी प्रार्थनेला बसलो. पहिलं कडवं होतंय तोच रस्त्यावर गाडी. आत एक नवराबायको. सरळ माझ्या झोपड्यांकडे बघत होते. पहाऱ्यावरच्या बाप्यांनी हात आडवा करून गाडी थांबवली. बरोबरच आहे, सूचना ३. स्तोत्राची चार कडवी असतात. मी जरा घाईने गायले. वन्संनी डोळे मिटूनच मला चिमटा काढला. "आमेन" म्हणून धावत गेले, तोवर गाडी वळवून गेली होती.

त्यांना सूचना ३ माहीत असती तर हे झालं नसतं. पण ती वाचायला झोपडीत यावं लागतं. दोष शोधून काढला! उद्या गावाच्या तोंडावर बोर्ड.

३ ऑगस्ट, गुरुवार.
भाऊजी म्हणाले, "गावाच्या तोंडावर गाव बोलेल. तुला लिहायचं तर तुझ्या दारात लिही."
काही हरकत नाही. पेनियामिनाची फळी आहेच. 'स्वागत'खाली सगळी जागा मोकळी आहे.

१९ ऑगस्ट, शनिवार.
फळी पूर्ण. एक्केचाळीस सूचना, बारीक पण सुवाच्य. जागा पुरेना म्हणून एक गाळली: 'पागोपागोहून येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, तिकडे शनिवार असतो तेव्हा इकडे रविवार उजाडलेला असतो.' विमानाने अर्ध्या तासावरची ही बेटं, पण वाराची रेघ मधून गेलीय, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्या जागी कुत्र्यांविषयी लिहिलं. कुत्रे जास्त महत्त्वाचे.

वन्सं फळीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ते 'स्वागत' तेवढं त्याच्या हातचं वाटतं." आणि पदरासारखं लुंगीचं टोक डोळ्याला लावून गेल्या. बाकीच्याबद्दल काही बोलल्या नाहीत. वाचून झालं नसावं.

१८ सप्टेंबर, सोमवार.
पाहुणा मिळाला! पागोपागोच्या शाळेतली शिक्षिका, कॅरोलिन बाई. मेलेने मला न विचारता दारासमोरचा फोटो टाकला होता, तो त्यांनी पाहिला. फोन मलाच केला. म्हणाल्या, ती निळी फळी आणि तिच्यामागचं पांढरं थडगं बघून यावंसं वाटलं. तीस तारखेला, शनिवारी येते, तीन रात्री राहते.

म्हणजे फळी बघूनच. मी पहिल्यापासून सांगत होते.

भाऊजींना कळवलं. म्हणाले, "चांगलं झालं, पोरी." बऱ्याच दिवसांनी पोरी म्हणाले.

३० सप्टेंबर, शनिवार. दुपार.
मधल्या झोपडीत नवी चटई. मच्छरदाणी धुतली. कोंबडी कापली. अळूच्या कोवळ्या पानांत नारळाचं दूध बांधून पुड्या भाजल्या, पेनियामिना करायचा तशा. बाई शिक्षिका आहेत, बोलायला मजा येईल. वाचलेल्याबद्दल बोलायला सहा-सात महिन्यांत कुणी भेटलं नाही. वर्ष होत आलं खरं म्हणजे.

संध्याकाळ.
शेवटची बस गेली. विमान उशिरा असेल. पुड्या वन्संनी खाल्ल्या. म्हणाल्या, "मीठ कमी आहे, पण त्याच्याइतक्याच झाल्यात."

१ ऑक्टोबर, रविवार.
चर्चमध्ये मी पुढच्या रांगेत बसते. खिडकीतून माझं दार दिसतं. प्रवचन अर्ध्यावर आलं आणि दारात टॅक्सी थांबली.

एक उंच बाई उतरली. टोपी, लांब झगा, गुडघे झाकलेले. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिच्या घरी आज शनिवार होता.

उठायला गेले. वन्संनी मनगट धरलं. "बस खाली. सगळं गाव बघतंय." मनगट सोडवता आलं असतं. पण सूचना ५ माझीच आहे. आणि मला वाटलं, थांबेल की. तीन रात्रींसाठी आलीय, प्रवचनापुरती थांबेल.

बाई फळीसमोर उभी राहिली. बोट ठेवून वाचत होती. आजवर कुणी इतकं नीट वाचलं नव्हतं. चौथ्या ओळीपाशी थांबली, हातातल्या बॅगेकडे पाहिलं आणि बॅग परत टॅक्सीत ठेवली. पुढचं मात्र सोडलं नाही, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग कुंपणावरची एक जास्वंद तोडली, थडग्याजवळ गेली, ठेवली. सूचना १८. हात जोडून क्षणभर उभी राहिली. आणि गेली.

पायरीवर चिठ्ठी: 'क्षमा करा. आज तुमचा रविवार आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तुमच्या गावाचा नियम मोडणार नाही, शहरात उतरते. इतक्या काळजीने लिहिलेल्या सूचना मी कुठेच वाचल्या नाहीत.'

वन्संना वाचून दाखवली. त्या या वेळी टोमणा मारतील म्हणून मी वाट पाहिली. मारला नाही.

उद्या सोमवार. येतील.

२ ऑक्टोबर, सोमवार.
मीच फोन केला. शहरातल्या हॉटेलात तीन रात्री घेतल्या आहेत, पुढे शाळा आहे. पुढच्या वर्षी नक्की, म्हणाल्या.
अजून सहा दिवस आहेत. गाळलेली सूचना फळीच्या कडेला उभी लिहिली.

८ ऑक्टोबर, पांढरा रविवार.
पोरं पांढऱ्या कपड्यांत, पाठ केलेली वचनं म्हणत होती. जेवणं झाली. मग सगळे भाऊजींच्या ओसरीवर बसले.
भाऊजींनी विचारलं, "राहिलं कुणी?"
मी म्हटलं, "एक आली होती."
"रात्र?"
मी वही उघडली आणि सूचना वाचायला लागले. पहिलीपासून. का ते माहीत नाही. कुणी थांबवलं नाही. बेचाळीसच्या बेचाळीस ऐकल्या. संपल्यावर भाऊजी जमिनीकडे बघत म्हणाले, "चांगलं लिहिलंयस, सिनिवा. पेनियामिनाला इतकं सांगता येत नव्हतं."
मग म्हणाले, थडग्याची काळजी करू नकोस, आम्ही आहोत. पुतण्याने मान हलवली. गुणी आहे मुलगा.
वन्सं म्हणाल्या, "पानं रोज उचलावी लागतात तिथली. खराट्याने जात नाहीत." आणि उठून आत गेल्या.

१४ ऑक्टोबर, शनिवार. सावाई.
भावाचं घर डोंगराकडे आहे. इथून समुद्र दिसत नाही. वहिनी चांगली आहे, फार विचारत नाही. आठवडाभर वही उघडली नव्हती, म्हणून राहिलेलं तेवढं लिहून ठेवते.

पांढऱ्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडलं, थडग्यावरची नीरफणसाची पानं एकेक उचलली, फळीवर 'स्वागत'खालचं सगळं खरवडून काढलं आणि दहाच्या बसने बंदरावर गेले.