वाट बघत बसलेल्या

९ मार्च

बोलतेय. उमटतंय म्हणे. मला अक्षर ओळखता येत नाही, तेव्हा हा फोन माझ्या नावावर काय काय खपवतोय देव जाणे! नातीनं शिकवून ठेवलंय – "आजी, तू नुसती बोल, लिहिण्याचं तो बघेल. तारीखसुद्धा तोच घालतो." नातीला आम्ही भिंगरी म्हणतो. लहानपणी एका जागी टिकायची नाही. आता दूरच्या शहरात, प्रयोगशाळेत दिवसभर एका स्टुलाला चिकटलेली असते.

दोन महिने लेकीकडे राहून काल परतले. सूनबाई म्हणाली, "आई, अंगानं भरलात हो!" म्हटलं, तुझ्या हातचं नव्हतं ना. हसली. हसते ती, तेवढं बरं आहे.

१२ मार्च

हाडांच्या दवाखान्यातून बोलावणं नाही. दर सहा महिन्यांनी दंडात सुई – यंदाची फेब्रुवारीतच व्हायला हवी होती. एरवी ती फोनवाली पोरगी कशी पिच्छा पुरवते! म्हटलं, हाडं भरली असतील, गरज संपली असेल. सूनबाई म्हणाली, "असेलही. नाहीतर सोडलं असतं का त्यांनी?"

सुटले!

२ एप्रिल

भिंगरीचा फोन. जूनमध्ये तिची शेवटची परीक्षा. पाच वर्षांचं काम मोठ्या लोकांपुढे मांडायचं, ते प्रश्न विचारणार. म्हटलं, आधी माझ्यापुढे मांड. मला कळलं तर त्यांनाही कळेल.

मांडलं की पठ्ठीनं! हाड म्हणजे दगड नव्हे, जिवंत असतं. काही पेशी ते बांधतात, काही खातात. आणि खाणाऱ्या काही जन्मापासून खादाड नसतात – रक्तातल्या कोवळ्या पोरी असतात साध्या. त्यांना निरोप जातो. कोण धाडतं? बांधणाऱ्याच! म्हटलं, म्हणजे घरचेच दार उघडून देतात? "तसंच गं. जुनं हाड काढल्याशिवाय नवं कुठे बांधणार?"

पोरीच्या अंगावर कान असतात म्हणे. निरोप कानात पडला की आत एकीकडून दुसरीकडे कुजबुज जाते, थेट गाभ्यापर्यंत. मग पोरीचा स्वभावच पालटतो. अशा पाच-सहा जणी एकमेकींत विरघळतात आणि एकच धिप्पाड बाई होते. ती हाडाला चिकटून बसते नि खड्डा पाडते.

"तुझी सुई काय करते माहीत आहे? निरोप वाटेतच धरते. कानापर्यंत पोचूच देत नाही."

अगं बाई! मला वाटायचं चुन्याचं पाणी टोचतात.

तिला सांगितलं नाही की सुई बंद आहे. विचारलं कुठे तिनं?

१९ मे

चादर झटकली. पाठीत कट् – वाळकी काटकी मोडावी तसा आवाज. माझ्याच आत. डोळ्यांपुढे अंधारी.

सूनबाईला सांगितलं, उसण भरली.

२३ मे

आडवी पडले की बरं. उठायचं म्हटलं की पोटापर्यंत कळ येते. चिरंजीव मलम घेऊन आले. चोळताना विचारतात, "इथे का?" म्हटलं, नाही रे, शेजारणीच्या पाठीत, तिथे चोळ!

२८ मे

भिंगरीचा फोन. परीक्षेच्या तयारीत आहे, अखंड बडबड. आज उंदरांचं सांगत होती. त्यांना सुईसारखंच औषध दिलं आणि मधेच बंद केलं. "आजी, आम्हाला वाटायचं औषधानं खाणाऱ्या मरतात. तर सगळ्या मरत नाहीत! त्यांचे तुकडे होतात आणि ते तुकडे वाट बघत बसतात. औषध उतरलं की परत जुळतात – सगळ्या एकदम. होतं त्याच्या दुप्पट खातात."

फेब्रुवारीपासूनचे महिने मी बोटांवर मोजले.

"आजी? तुझं इंजेक्शन वेळेवर आहे ना?"

"हो गं बाई. तू तुझ्या उंदरांचं बघ."

खरं सांगितलं असतं तर परीक्षा टाकून रात्रीची गाडी धरली असती. ओळखते मी तिला. पाच वर्षं स्टुलावर बसलीय पोर.

२९ मे

वाट बघत बसलेल्या. डोक्यातून जात नाही.

६ जून

शिंकले. पुन्हा कट्. या वेळी जरा वर.

बेसिनवरच्या आरशात आज नुसतं कपाळ दिसलं. चिरंजिवांना झापलं – आरसा एवढा वर कुणी टांगला रे? ते म्हणाले, "आई, आरशाला कुणीच हात लावला नाही." मग दोघंही आरशाकडे बघत राहिलो. सूनबाईनं लगेच दवाखान्याला गाडी ठरवली.

१० जून

दवाखाना. फोनवाल्या पोरीनं नाव विचारलं, यंत्रात बघितलं, माझ्याकडे बघितलं, पांढरीफटक! "आजी... तुम्ही तर गेला होतात."

म्हटलं, हो, लेकीकडे.

सूनबाईचा हात तोंडावर. जानेवारीत या पोरीचाच फोन सूनबाईनं घेतला होता – आजी आहेत का? हिनं सांगितलं, आई गेल्या. पोरगी म्हणाली, "अरेरे! कधी?" "परवा पहाटे." "फार त्रास झाला का हो?" "छे! झोपेतच गेल्या." गाडीत मी घोरत होते म्हणून सांगत होती बिचारी! तिकडे यंत्रात मला मयत लावून टाकलं. मेलेल्याला कोण बोलावतं सुईला?

मी हसले. हसताना कळ आली तरी हसले. बाकी कुणी हसलं नाही.

फोटो काढले. पाठीच्या कण्यातली तीन हाडं चेपलीत. एक मागे सरकलंय, मज्जारज्जूच्या अंगाला. डॉक्टरांनी तिथल्या तिथे सुई दिली. म्हणाले, "निजूनच राहायचं. पुढचे निरोप ही धरेल. पण जे खाऊन झालंय..."

११ जून

सूनबाई सकाळपासून रडतेय. म्हटलं, अगं, जिवंत आहे मी, यंत्राला सांगून आलोय ना आपण! भिंगरीला सतरा तारखेपर्यंत कुणी काही कळवायचं नाही. परीक्षा झाली की मीच सांगेन. दोघांकडून शपथ घेतली.

१६ जून

परीक्षा उद्या. सकाळी पलंगावरून पाय खाली सोडले. फरशी लागली नाही.

खाली बघितलं. पाय टेकलेलेच होते.