रोशनीच्या वाटीतली डाळ

प्रिय माय,

रोशनी काल पोलीस भरतीचं ग्राउंड पास झाली. आठशे मीटर धावली आणि शेवटी खाली बसली नाही, उभीच राहिली. तुला जाऊन दोन वर्षं झाली, तरी चांगली बातमी आली की पाय आधी घराकडेच वळतात. घरी सांगायला कोणी नव्हतं, म्हणून हे लिहून राह्यलो.

रोशनी कोण, असं विचारू नकोस. ती गल्लीतून गेली की मी चपला उलट्या घालायचो, ते तूच पाहिलं होतंस ना?

सेकंड इयरला मी लॅबच्या सरांशी भांडलो, जर्नल फाडलं आणि कॉलेज सोडून मारेगावला घरी परत आलो. तू आठ दिवस बोलली नाहीस. ओरडली का नाहीस, माय? ते सोपं गेलं असतं. पण तिथलं एक गणित माझ्याजवळ राहिलं. माणसाचं वजन आणि त्याची मेहनत पाहून त्याला दिवसाला किती कर्बोदकं, किती प्रथिनं, किती चरबी लागते, ते काढायचं. मैदानावर भरतीची तयारी करणाऱ्या अकरा पोरींना मी ते काढून देतो. रोशनी सोडून सगळ्या मला सर म्हणतात. हसू नकोस.

रोशनीचं वजन बावन्न किलो. प्रथिनं अठ्ठ्याहत्तर ग्रॅम, चरबी पंचावन्न, कर्बोदकं सव्वातीनशेच्या आसपास. भाकर, भात, तेल सगळं बसलं. प्रथिनांसाठी दोन वाट्या वरण लिहून दिलं. तरी तिचं कालचं अंगदुखणं आज उतरत नव्हतं. सहाशे मीटरवर ती पाय सोडून बसायची. भरतीला महिना उरला होता, आणि माझं डोकं तर तुला माहीत आहे.

"खोटं बोलतं तू. लिहून दिलेलं खातच नाही," मी सगळ्या पोरींसमोर म्हणालो.

"वरण पिऊन पिऊन पोटाचा डेरा झाला माह्या, अन् तू मलेच लबाड म्हणतं? कायले येऊ मी उद्या?"

दुसऱ्या दिवशी ती खरंच आली नाही.

माझंच बरोबर आहे हे दाखवायला मी घरी वरणाची वाटी काट्यावर ठेवली. आणि तू आठवलीस. तू शाळेत खिचडी शिजवायचीस तेव्हा तपासणीला आलेले साहेब शिजलेली खिचडी तोलायला बसले होते. तू पदर खोचून म्हणालीस, "पाण्याले कायले मोजता जी? डाळ कोरडी मोजा."

मी त्या साहेबांसारखंच केलं होतं, माय. पुस्तकातला आकडा कोरड्या डाळीचा आणि मी तोललं पातळ वरण. माझ्या कागदावर त्या दोन वाट्यांत चव्वेचाळीस ग्रॅम प्रथिनं, तिच्या पोटात जेमतेम दहा. चौथी शिकलेल्या तुला जे कळत होतं, ते मला कॉलेजात जाऊन कळलं नाही.

तसाच रोशनीच्या दारात गेलो. तिच्या मायसमोर म्हणालो, "चूक माही होती. तू खरं बोलत होती." आयुष्यात पहिल्यांदा भांडण हरून आलो आणि मान ताठ होती. मग अंडी, फुटाणे, सोयाबीनच्या वड्या, सगळं कोरडं तोलून बसवलं. पंधरा दिवसांत ती सहाशेच्या पुढे गेली.

काल संध्याकाळी पेढे घेऊन आली. म्हणाली, "आता माह्या मायचं काढून दे. दिवसभर कापूस वेचते, अन् सगळ्यांचं झाल्यावर उरलं ते खाते."

मी वही उघडली आणि आधी तुझं काढायला बसलो. अर्धी भाकर, तिखट, चहा. शाळेतल्या शंभर लेकरांसाठी नेमकी डाळ मोजलीस, स्वतःसाठी काहून नाही मोजली? आणि समोर जेवत बसून मी तरी कधी तुझ्या ताटात पाहिलं? बेरीज केली नाही. माझ्याच्यानं झाली नाही.

एक शब्द देतो. उद्या दुपारी रोशनीच्या घरी जेवायला जातो. कागद नंतर. आधी तिच्या मायला सगळ्यांच्या पंगतीत बसवतो. तिच्या ताटात वाढल्याशिवाय मी घास उचलणार नाही.

तुझा,
अमोल