सोळा चौकोनांची तूट

पालम, जि. परभणी
दि. ९ नोव्हेंबर २०२५

चि. सिद्धोधन यास,
सप्रेम जयभीम.

मी बरा आहे. गुडघे सोडले तर तक्रार नाही. शेजारचे व्यंकटराव रोज सकाळी ओट्यावर येऊन बडबड करतात, तेवढाच त्रास. तुझा पत्ता सुकेशनीनं दिला. फोन तू घेत नाहीस, आणि घेतलास तरी मला फोनवर बोलता येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती आली होती. नवीन लॅपटॉप घेतला म्हणून जुना माझ्याकडं ठेवून गेली, त्यात तुझा गेम घालून. म्हणली, "बाबा, तुमच्या लेकानं दोन वर्षं हेच केलंय. एकदा खेळून बघा, मग दादाला नावं ठेवा." तेव्हापासून बघायलोच आहे.

पहिल्या दिवशी चीड आली. एका मोठ्या बारवेच्या तळाशी बेडूक, डोक्याला लोकरीचं टोपरं, आणि पायऱ्यापायऱ्यांवर अख्खं गाव वसलेलं. कुणाला मारायचं नाही, जिंकायचं नाही, नुसतं उड्या मारत हिंडायचं. यासाठी पोरानं पुण्याची नोकरी सोडली, असं मनात आलं. मग स्टेशनवरची कोंबडी भेटली आणि मला हसू आलं. चुडाव्याचं स्टेशन हुबेहूब उचललंस की रे! तिच्यापुढं 'डराव' केलं की मान वळवून म्हणते, "गाडी लेट हाय, तवर अंडं देऊन येते." आणि देवगाव फाट्याच्या बसची वाट बघणारी ती शेळी. तिकीट स्वतःच खाल्लं आणि शिव्या कंडक्टरला. व्यंकटरावांनी बेडकाला तीनदा पाण्यात पाडलं आणि वर मलाच म्हणाले, "सिताराम, ही शेळी लय ओळखीची वाटायलीय."

पुढं बेडकाला छत्री मिळाल्यावर मी मागं गेलो. पहिल्या दिवशी ज्या कोनाड्यापर्यंत उडी पोचत नव्हती, तिथं तरंगत पोचलो. आत काय, तर एक मुंगी पापड वाळवत बसलेली. बाकी काही नाही. तरी बरं वाटलं. नाही जमलं म्हणून गेम तोंडावर दार लावत नाही. आज नाही तर नाही, नंतर ये म्हणतो.

आता दोष. ओढ्यावरची उडी माझ्या बोटांच्या मानानं लांब आहे. बासष्ट वेळा पडलो. दुसरं, गेममध्ये नकाशा नाही. एकतीस वर्षं मोजणी खात्यात काढलेल्या माणसाला हे सहन होत नाही, म्हणून आलेखाच्या कागदावर मीच काढला. बेडकाची एक उडी म्हणजे दोन चौकोन, या हिशेबानं. स्टेशन ते शेळीचा थांबा, वरच्या अंगानं अठ्ठेचाळीस चौकोन, खालच्या अंगानंही अठ्ठेचाळीस. मधल्या पायरीवर मात्र बत्तीसच भरतात. दोनदा मोजलं. सोळा चौकोनांची तूट आहे. तुझी चूक असेल तर दुरुस्त कर. माझी नाही.

टोपरं ओळखलं. हिरवं-नारंगी. तू लहान असताना आईनं विणलेलं. पुढच्या महिन्यात तिला जाऊन दोन वर्षं होतील. दवाखान्यातल्या त्या आठ दिवसांचं मी तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीच सांगितलं आहे. पोराला बोलवू नका, त्याचं काम मोडेल, असं तीच म्हणली होती. तो विषय पुन्हा काढत नाही.

कळावे,
सिताराम खंदारे
(निवृत्त भूकरमापक)


पालम
दि. ३० नोव्हेंबर २०२५

चि. सिद्धू,
जयभीम.

तुझं उत्तर पोचलं. पोस्टानं नाही. परवा लॅपटॉप लावला तर नवीन आवृत्ती आली म्हणून दाखवलं. ओढ्याच्या मधोमध एक दगड आहे आणि बाजूला पाटी: 'पालमच्या मोजणीदाराच्या तक्रारीवरून बसवला.' मी ती पाटी व्यंकटरावांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "आता तरी तोंड गोड करा, सरकारदरबारी तुमचं पहिलं काम झालं." चहा पाजला.

दगडावरून ओढा पार झाला. पण सोळा चौकोन तसेच होते. मग मी स्टेशनच्या पत्र्यावर चढलो, छत्री उघडली आणि मधल्या पायरीच्या भिंतीवर धडकायला निघालो. धडकलो नाही. भिंत नव्हतीच, नुसतं चित्र होतं.

आत दवाखान्याची खोली आहे, हे तुला सांगायची गरज नाही. पलंगावर बाई बसली आहे, दाराकडं पाठ करून. हातात हिरवी-नारंगी लोकर. मी 'डराव' केलं. अख्ख्या बारवेत डराव केल्यावर वळून बघत नाही असं कुणी नाही, ती शेळीसुद्धा बघते. ही बघत नाही. डोक्यावर नुसती अक्षरं येतात: 'तुला बोलवायचं नव्हतं.'

मी पुन्हा पुन्हा बटण दाबलं. मग लॅपटॉप बंद केला आणि त्या दिवशी जेवलो नाही.

सिद्धू, त्या खोलीत दोन चुका आहेत. मोजणीवाल्यानं चूक दिसली की लिहून द्यायची असते, म्हणून लिहितो.

पहिली, पलंगाची दिशा. नांदेडच्या दवाखान्यात पंख्याचा वारा लागावा म्हणून सिस्टरनं पलंग फिरवला होता. तुझ्या आईनं हट्टानं परत दाराकडं तोंड करून घेतला. आठही दिवस ती दाराकडंच बघत होती. कुणाची चप्पल वाजली की मान उचलायची.

दुसरी चूक त्या वाक्याची. ते तिचं नाही, माझं आहे. ती दुसऱ्या दिवशी म्हणली, "सिद्धूला बलवा की हो." पाचव्या दिवशी म्हणली, "आलं का पोरगं?" मी म्हणलं, येतोय. मी फोन केलाच नव्हता. तू नोकरी सोडल्यापासून चार महिने आपण बोललो नव्हतो. 'बेडूक उड्या मारून पोट भरतं का' असं मी म्हणलो होतो आणि तू फोन ठेवला होतास. आता पहिला फोन मी करायचा म्हणजे मी वाकायचं. दोन दिवसांत बरी होऊन घरी येईल असं वाटलं. मग चार दिवसांत वाटलं. आठव्या दिवशी केला तेव्हा तू निघालास, आणि ती गेली.

आणि पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्यांसमोर तू विचारलंस, मला का नाही बोलावलं, तेव्हा मी तिचं नाव पुढं केलं. ती काही 'नाही' म्हणायला येणार नव्हती. दोन वर्षं मला वाटत होतं, तुझा राग माझ्यावर आहे. तो तर मला झेपला असता. तू आईला नको होतास असं धरून बसला आहेस, हे त्या खोलीत गेल्यावर कळलं. याची मला लाज वाटते.

माफ कर असं लिहीत नाही. ते तुझ्याकडं राहू दे. पण खोली दुरुस्त कर. ओढ्यात दगड टाकलास तसं. सोबत नकाशा जोडला आहे, पलंग कसा होता ते लाल शाईनं दाखवलं आहे. दार उजव्या अंगाला. बेडूक आत आला की तो तिला पहिल्या उडीतच दिसला पाहिजे.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. मी लॅपटॉप रोज लावतो. ती वळली की मला कळेल.

चूक मोजणाऱ्याची होती. तिची नाही, तुझी नाही.

तुझा,
बाबा