बबीनं मागितलेली प्रार्थना

शनिवार, ९ नोव्हेंबर

प्रिय आईंना,
सप्रेम सलाम.

तुमचं पत्र पोचलं. गुडघ्याचं दुखणं कमी झालं हे वाचून बरं वाटलं. चोळणं मात्र सोडू नका. इकडे आम्ही सगळे मजेत. यांना कामातून मान वर करायला फुरसत नाही, म्हणून याही खेपेला मीच लिहितेय. तुमच्या नातीचा समोरचा दात पडलाय. बबी 'स' म्हणायला गेली की शिट्टी वाजते.

शाळा नेहमीसारखीच. सकाळी पहिल्या तासाआधी चॅपेल. मी पियानोवर, मुलांकडे पाठ करून. पाळकांची खूण दिसावी म्हणून समोर एक लहान आरसा टांगलाय, त्यातच मला सगळी शाळा दिसते. या दिवसांत ऊन रंगीत काचांतून तिरकं येतं आणि लाल-निळे डाग मुलांच्या पायमोज्यांवरून हळूहळू सरकत राहतात. अर्धी मुलं अजून झोपेतच असतात. त्यांचं 'आमेन' पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येतं. मला ती वेळ फार आवडते. बोटं आपली आपण वाजवत राहतात, आणि आपण कुणाचे कुणी नाही असं हलकं हलकं वाटतं.

दर महिन्याला एक गुण घेऊन त्यावर बोलायचं, ही आमच्या मुख्याध्यापिकाबाईंची पद्धत. मागच्या महिन्यात धीर होता, आता खरेपणा. गुरुवारी पाळकांनी विचारलं, "आज कुणासाठी प्रार्थना करू या?" एकाचं मांजर हरवलं होतं. एकीच्या मावशीचं ऑपरेशन होतं. मग आरशात बबी उभी राहिलेली दिसली.

पाळक म्हणाले, "बोल बाळ. बाबांसाठी का? ते लांब कामाला असतात ना?"

"नाही," ती म्हणाली. "बाबा कामाला नाही गेले. ते आता दुसरीकडे राहतात. आईसाठी करा. ती त्यांचं पण ताट वाढते आणि मग झाकून ठेवते."

आई, वर यांच्याबद्दल जे लिहिलंय ते मी खोडत नाही, पण ते खरं नाही. तुमचा मुलगा उन्हाळ्यातच घर सोडून गेला. भांडणतंटा काही झाला नाही. शर्टांच्या घड्या घालता घालता म्हणाला, "माझं मन इथे नाही." कुणाकडे आहे तेही सांगितलं. तुम्हाला तोच कळवणार होता. त्यानं कळवलं नाही, हे मला तुमच्या पत्रांवरून समजत गेलं. तुम्ही शेवटी 'दोघांना आशीर्वाद' लिहिता. त्या 'दोघांना'वर मी दर वेळी नुसती नजर फिरवत बसायचे. तो शब्द हातचा जाऊ द्यायला जीव होईना.

तर गुरुवारी पुढचं गीत मला सुरू करायचं होतं आणि बोटं हलेनात. मुख्याध्यापिकाबाई उठल्या, माझ्या बाकावर शेजारी येऊन बसल्या आणि मुलांना म्हणाल्या, "आज पियानोशिवाय गाऊ या." मुलं गायली. कुणी पुढे, कुणी मागे, सूर तर कुठल्या कुठे. इतकी वर्षं मी त्यांना साथ करतेय, पण नुसतं बसून ऐकलं ते त्या दिवशी. ऊन माझ्या हातांवर आलं होतं. हात माझे वाटत नव्हते, आणि तरी मी खूप दिवसांनी जागी झाल्यासारखी होते.

बाहेर आल्यावर बबीनं विचारलं, "रागावलीस?"

"नाही."

"मला वाटलं, कुणालाच माहीत नाही तर तुझ्यासाठी कुणी प्रार्थना कशी करणार?"

मी तिच्या दप्तराचा पट्टा सारखा करत राहिले. मग ती म्हणाली, "आई, आजी आता कुणाची आजी?"

याचं उत्तर तुम्हीच द्यायचं. म्हणून हे पत्र.

त्याच्यावर रागावून तुम्ही बोलणं टाकावं असं मी मागत नाही. तो तुमचाच आहे. एवढंच विचारते, की सुट्टी लागली की मी बबीला घेऊन तुमच्याकडे आले तर चालेल का? नाही म्हणालात तरी तसं स्पष्ट लिहा. आम्ही दोघी सध्या खरं ऐकायची सवय करतोय.

सून म्हणून सही करावी की नाही, हे मला ठरवता येत नाही. तुम्ही ठरवाल तोवर,

तुमच्या बबीची आई