पाण्याखालच्या खुणा

११ नोव्हेंबर

पुन्हा तेच! नकार नाही म्हणे, "अपूर्ण". आमच्या लेकीचा, मधूचा, स्कूबा म्हणजे टाकी लावून बुडी मारायला शिकवण्याचा थायलंडचा दाखला ऑस्ट्रेलियातल्या कार्यालयाने पाहिला. दाखला खरा आहे, पण तेवढ्याने भागत नाही. जिथे शिकवलं तिथल्या मालकाचं पत्र हवं. ते डायव्हिंगचं दुकान ती इकडे परतल्यावर करोनात बुडालं, मालक बोट विकून कुठे गेला कुणाला ठाऊक नाही. बरं, ही मान्यता आल्याशिवाय तिकडचं केंद्र नोकरी देणार नाही.

मी पाटीवर लिहिलं — "आमच्या वेळी पोहता येतं का बघायला खाडीत ढकलायचे. तेवढी परीक्षा पुरायची."

हसली. मग उगाच समुद्राकडे बघत बसली. रेवदंड्याचा समुद्र गढूळ, त्यात आपला हात आपल्याला दिसत नाही. तिकडे तळाशी बसून वर पाहिलं तर बोटीचं बूड दिसतं आणि त्याच्या बाजूने ढग सरकताना दिसतात, असं तिने एकदा सांगितलं होतं. ते ढग ती इथे शोधत असते.

१४ नोव्हेंबर

सकाळी सवयीने बायकोला "श्यामला" म्हणून हाक मारायला गेलो. ओठ हलले, गळ्याच्या भोकातून नुसती हवा. दुसरं वर्ष संपत आलं स्वरयंत्र काढून, तरी जीभ विसरत नाही. ती पाठमोरी होती. शेवटी पेल्यावर अंगठी वाजवली, तेव्हा वळली.

पेला वाजवणं मधूचं. पाण्याखाली लक्ष वेधायला हवेच्या टाकीवर असंच ठोकतात. ऑपरेशन झालं म्हणून नोकरी सोडून आली, पाटीवर खरडताना मला पाहिलं आणि म्हणाली, "दादा, मी रोज न बोलणाऱ्या माणसांतच काम करते. चला, वर्ग सुरू!" अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ — ठीक. आडवा पंजा हलवला — काहीतरी बिघडलंय. पंजा समोर — थांब. मूठ छातीवर — हवा कमी. ही शेवटची महत्त्वाची. गळ्याच्या नळीत कफ सुकला की जीव घाबरा होतो. मूठ दिसली की मधू सलाईनचे थेंब घेऊन धावते.

जन्मभर तालुक्याच्या बातम्या दिल्या, दिलेली वेळ कधी चुकवली नाही. आता "चहा गार झालाय" एवढी बातमी पोचवायलाही दोन हात लागतात.

२४ नोव्हेंबर

पत्राचं जमलं! मधूच्या हाताखाली नव्हे, तिच्या बरोबरीने शिकवणारी एक बाई सापडली. तिच्याकडे जुन्या पगाराच्या पावत्याही आहेत. कार्यालयाला ते चालेल. मधू वाडीत नारळीखाली फोनवर नाचत होती.

मग श्यामला म्हणाली, "म्हणजे जाणार तू."

नाच थांबला.

२५ नोव्हेंबर

माझ्या कानाला काही झालेलं नाही, हे दोघी विसरतात. मागच्या पडवीत बोलत होत्या.

"मान्यता आली तरी मी जात नाहीये, आई. दादांनी मूठ ठेवली तर बघणार कोण?"

"मी आहे की."

"तुला खुणा कुठे येतात?"

"नाहीच येत," श्यामला म्हणाली. जरा जास्तच ठासून.

२७ नोव्हेंबर

ठरवलं. मान्यता येण्याआधी श्यामलाला शिकवून तयार करायचं. वेळ थोडा — मला त्याची सवय आहे.

पहिला वर्ग दुपारी. वर्तुळ करून दाखवलं. तिने पोळपाट उचलून ठेवला. मूठ दाखवली. "हे मुक्यांचं मला नाही जमायचं. तुमच्याकडे बघून मला कळतं सगळं," म्हणाली आणि आत गेली.

२ डिसेंबर

शिष्या मिळाली, पण भलतीच! शकू मासळीची टोपली घेऊन दारात आली. मी बांगड्याचा कल्ला उघडून पाहिला आणि आडवा पंजा हलवला.

"आता गं बाय! दादा, ताजा हाय, हात नको हलवू!"

मी पुन्हा हलवला. तिने दुसरे काढले. मी वर्तुळ केलं. तिनेही तस्सं वर्तुळ केलं. अर्ध्या तासात सगळ्या खुणा शिकली. घरी जाऊन नवऱ्याला "थांब"ची खूण करणार म्हणे, तो तोंडाने सांगून थांबत नाही.

जाताना श्यामलाला टोला — "वैनी, मना एका दिसात आला, तुमाला कसा येत न्हाय?"

"तुला मासे विकायचेत," श्यामला म्हणाली. "मला काय विकायचंय?"

१७ डिसेंबर

मधू डायव्हिंगची वैद्यकीय तपासणी करायला मुंबईला गेली. पहिली बोट मांडव्याहून. दुपारी कफ अडकला. श्यामला जात्याजवळ वाल निवडत होती. पेल्यावर अंगठी वाजवली, मूठ छातीवर. ती उठली ती थेट सलाईन घेऊनच आली. थेंब सोडले, नळी साफ केली, पाठीवरून हात फिरवला.

नंतर विचारलं पाटीवर — "खूण कळली?"

"कसली खूण? तोंड निळं पडलेलं दिसत होतं की."

मधूला सांगितलं नाही. श्यामलानेच सांगितलं.

२२ डिसेंबर

तपासणी चांगली निघाली. कान उत्तम, फुप्फुसं उत्तम. मधू म्हणाली, "दादा, डॉक्टर म्हणाले मी अजून वीस वर्षं बुडू शकते."

संध्याकाळी तिच्याबरोबर किनाऱ्यावर. मी घोट्यापर्यंत. त्यापुढे गेलो की ती शिट्टी फुंकते — गळ्यात पाणी शिरलं की संपलंच. ज्या खाडीत लहानपणी दिवसभर पडून असायचो, तिच्यासमोर आता पाहुण्यासारखा उभा राहतो. मधू मात्र आत गेली, बुडी मारली, लांब वर आली. पाणी गढूळ, थंडही असेल. पण वर आल्यावर तिचा चेहरा! घरात नसतो तो.

हिला इथे ठेवून घेणारा मी कोण?

५ जानेवारी

तिकडच्या केंद्राला तिचा शिकवण्याचा एक धडा चित्रित करून हवा होता. विषय — खुणा. विद्यार्थी — मी! अंगणात मोबाइल उभा केला. मधू इंग्रजीत शिकवायला लागली, मध्येच मला समजावं म्हणून मराठीत. आवाज मोकळा, हात ठाम. मी चुकलो की न ओरडता तोच हात धरून नीट करणारी. माझी मुलगी कामावर असताना कशी दिसते ते आज प्रथम पाहिलं.

शेवटची खूण लांबच्यासाठी. पाण्यावर आलो आणि बोट दूर असली तर बोटांचं वर्तुळ दिसत नाही. मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन मोठ्ठं वर्तुळ करायचं. मी ठीक आहे, काळजी नको. मला जमेना. ऑपरेशनपासून उजवा खांदा वर जात नाही. मधूने पटकन कॅमेरा बंद केला, म्हणाली, "ही राहू दे. घरात कुठे लागते!"

श्यामला ओट्यावर बिरड्याचे वाल सोलत होती. एरवी सालांत एक दाणा जात नाही. आज सालांत दाणेच जास्त. मी बघितलं की डोकं खाली.

२८ जानेवारी

आली मान्यता! नोकरीही. फेब्रुवारीच्या मध्यात हजर व्हायचं.

मधूने मेल वाचून दाखवला, लॅपटॉप मिटला. "कळवते त्यांना, जमणार नाही म्हणून."

मी पंजा समोर केला — थांब. पाटी शोधू लागलो. सापडेना. तेवढ्यात श्यामला आतून म्हणाली, "जाऊ दे कळवायचं. तू जा."

"आई, तुला —"

"त्या दिवशी निभावलं ना? आणि शकू येईल सकाळ-संध्याकाळ. तिला येतात तुमच्या त्या खुणा."

"आणि दुपारी?"

"दुपारी मी. चाळीस वर्षं बघतेय या माणसाला. बोलत होता तेव्हाही त्याचं बोलणं कुठे ऐकत होते!"

मधू हसता हसता रडली. रात्रीच्या जेवणाला बिरडं होतं. श्यामला जेवली नाही. पोट बरं नाही म्हणाली.

९ फेब्रुवारी

घरभर बॅगा. मधू सगळीकडे बघून घेते. मी तिच्याकडे.

आज पुन्हा श्यामलाला मूठ दाखवून पाहिली, शेवटचा प्रयत्न. "बोटं दुखतील," म्हणाली.

१२ फेब्रुवारी

मांडवा. बोट सुटली. मधू वरच्या कठड्याशी उभी. इंजिनाचा आवाज, मध्ये वाढत जाणारं पाणी. मी बोटांचं वर्तुळ केलं — एवढ्या लांबून काय दिसणार! हात उचलायला गेलो, खांद्याने अडवलं.

शेजारी श्यामलाने पिशवी खाली ठेवली. दोन्ही हात डोक्यावर नेले, बोटांना बोटं टेकवली. मोठ्ठं वर्तुळ. पदर घसरला, सावरला नाही. बोटीवरून तसंच वर्तुळ आलं. ते दिसेनासं होईपर्यंत तिने हात खाली घेतले नाहीत.

मी मूठ छातीवर ठेवली.

"हवा कमी नाहीये तुम्हाला," ती म्हणाली. "रडताय. चला, रिक्षा थांबलीय."